बाईंचा हयातीचा दाखला

नागपूरच्या सदर बाजारात आणि त्याला लागून असलेल्या सिव्हिल लाइन्समध्ये पाट्या वाचत फिरणे हा बरा उद्योग आहे. पेट्रोल सोडले तर त्याला खर्च नाही. रेसिडेन्सी रोड आहे, बिशप कॉटन शाळा आहे, थोडे पुढे गेले की कस्तुरचंद पार्क आहे. म्हणजे एक इंग्रज साहेब, एक धर्मगुरू, एक शेठजी. बाईच्या नावाची मोठी पाटी हवी असेल तर ती सेंट अर्सुला मुलींच्या शाळेवर सापडते. या अर्सुलाबाईंची गंमत अशी, की त्या खरोखर होऊन गेल्या की नाही याची इतिहासकारांना खात्री नाही. अकरा हजार कुमारिकांसह त्या हुतात्मा झाल्या अशी कथा आहे, आणि १९६९ साली रोमन कॅथलिक चर्चने आपल्या सर्वसाधारण पंचांगातून त्यांचा दिवस वगळला. तरीही विकिपीडियावर अर्सुलाबाई कितीतरी भाषांत सुखाने नांदत आहेत. ‘तुम्ही मुळात होता का?’ असे विचारून त्यांना तिथून कोणी उठवत नाही, कारण त्यांच्याविषयी शतकानुशतके लोक लिहीत आलेले आहेत आणि संदर्भांचा ढीग पडला आहे. आता हाडामांसाची एखादी बाई घ्या. पीएच.डी. झालेली, बोंडअळीच्या मागे विदर्भाच्या उन्हात उभी हयात घालवलेली. तिचे पान करायला घेतले की थोड्याच वेळात वर पट्टी येते: या व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.

पेन्शनर मंडळींना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. नोव्हेंबर आला की ती बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात. खिडकीपलीकडच्या बाबूला समोरचा माणूस स्पष्ट दिसत असतो, तो खोकतो, पंखा वाढवा म्हणतो. पण माणूस असणे वेगळे आणि तो असल्याचा कागद असणे वेगळे. विकिपीडियाचा कारभार याच शिस्तीने चालतो. तुमच्याशी नाते नसलेल्या कोणीतरी, भरवशाच्या ठिकाणी, तुमच्याविषयी चार ओळींहून जास्त लिहिले आहे का, एवढेच तिथे विचारतात. हा नियम कोरडा वाटतो खरा, पण तो काढून टाकला तर काय होईल याचा नागपूरकरांनी विचार करावा. आपल्याकडे दर चौकात एक ज्येष्ठ विचारवंत आहे आणि दर गल्लीत एक युवा हृदयसम्राट. फ्लेक्सवर मावले नाहीत ते सगळे उद्या ज्ञानकोशात येऊन बसतील. तेव्हा नियम असावा. माझे म्हणणे असे, की ज्ञानकोशात वैज्ञानिक स्त्रिया कमी दिसतात याचा मोठा दोष ज्ञानकोशाचा नाही. तो कागद मागतो, आणि तो कागद करायचे काम आपण केलेले नाही. म्हणून ज्या स्वयंसेवकांना ही उणीव भरून काढायची आहे, त्यांनी पाने पाडण्याचा उत्साह जरा आवरून आधी कागदाच्या मागे लागावे.

ज्ञानकोश धुतल्या तांदळासारखा आहे असे मात्र नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. हा मान मिळवणाऱ्या त्या मेरी क्युरी आणि मारिया गोपर्ट मायर यांच्यानंतरच्या तिसऱ्याच स्त्री. लोकांनी उत्सुकतेने इंग्रजी विकिपीडिया उघडला तर बाईंचे पानच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात कोणीतरी कच्चा लेख पाठवला होता. संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून तो परत गेला होता. ज्या शोधासाठी नोबेल मिळाले तो १९८५ चा निबंध त्यांनी आणि त्यांचे गुरू जेरार मुरू यांनी मिळून लिहिलेला. मुरूंचे पान आधीपासून होते. ‘विज्ञानाला स्त्री-पुरुष असा भेद नसतो, गुणवत्ता असेल तर नाव आपोआप येते,’ असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे. नाव आपोआप आले खरे, पण त्यासाठी स्टॉकहोमहून घोषणा व्हावी लागली. उल्लेखनीयतेचा किमान दर नोबेल ठेवला तर यादी आटोपशीर राहील, एवढा त्यात फायदा आहे.

आणि हा दर सगळ्यांना सारखा नव्हता. सदरपासून हाकेच्या अंतरावर विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे (व्हीसीए) जुने मैदान आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये तिथे नागपूरचा पहिला कसोटी सामना झाला आणि न्यूझीलंडने आपल्याला चांगले धुतले. त्या सामन्यात खेळलेल्या बावीसच्या बावीस जणांची इंग्रजीत पाने आहेत. त्याबद्दल तक्रार नाही; कसोटी ती कसोटी. पण कितीतरी वर्षे इंग्रजी विकिपीडियावर असा दंडक होता की प्रथम श्रेणीचा एक सामना खेळला की माणूस ज्ञानकोशात बसायला पात्र. एकदाच फलंदाजीला येऊन शून्यावर परतला तरी चालेल. धावफलक हाच त्याचा दाखला. हा दंडक २०२२ साली मोडीत निघाला. मराठी विकिपीडियावरही क्रिकेटपटू, गावे आणि वर्षे यांची दोन-दोन ओळींची पाने विपुल आहेत. त्यात कोणाचा कट आहे असे मला वाटत नाही. धावफलक आयता मिळतो, प्रयोगशाळेतला फलक कोणी ठेवत नाही, आणि फुकट काम करणारा माणूस आयत्या सामग्रीकडे वळतो. शिवाय तो बहुधा पुरुष असतो: २०११ च्या पाहणीत विकिपीडियाच्या संपादकांत स्त्रिया दहा टक्क्यांहूनही कमी निघाल्या होत्या.

आता आपल्याकडचा कागद कसा असतो ते जवळून पाहू. शहरातल्या एखाद्या प्राध्यापिकेच्या सत्काराची बातमी घ्या. पहिल्या वाक्यात अध्यक्षस्थानी कोण होते ते असते. दुसऱ्यात प्रमुख पाहुणे, आजी-माजी सर्व पदांसह. तिसऱ्यात व्यासपीठावर ‘प्रामुख्याने उपस्थित’ असलेल्या सात-आठ जणांची यादी, त्यातले एक नाव हमखास चुकलेले, त्यामुळे दुसऱ्या दिवशी खुलासा. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. सत्कारमूर्तीच्या वाट्याला शेवटून दुसरे वाक्य येते: सत्काराला उत्तर देताना त्यांनी यशाचे श्रेय कुटुंबीयांना दिले. शेवटी संचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले, हे मात्र बिनचूक. बाईंनी संशोधन कशावर केले? ‘विज्ञान क्षेत्रातील भरीव योगदानाबद्दल.’ हे भरीव योगदान कपाशीत भरले की कोळशात, याचा पत्ता बातमीत नाही. निधनवार्ता त्याहून चोख असते. वय, प्लॉट नंबर, अंत्ययात्रा किती वाजता निघणार, अंबाझरी घाट की मोक्षधाम, पश्चात पती, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा बराच मोठा आप्तपरिवार. त्या अमुक अमुक यांच्या मातोश्री होत. या माहितीवर अंत्ययात्रेला वेळेवर पोहोचता येते, लेख लिहिता येत नाही. आणि घरच्यांच्या आठवणी चालत नाहीत. ‘आमच्या आत्याबाईंनी संत्र्याच्या रोगावर फार मोठे काम केले होते’ हे शंभर टक्के खरे असले, तरी आत्याबाईंचा भाचा हा ज्ञानकोशाच्या दृष्टीने संदर्भ नव्हे.

याचा मोठ्या प्रमाणावरचा नमुना नागपुरानेच पाहिला. ३ ते ७ जानेवारी २०२३ या दिवसांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. विद्यापीठाचे शताब्दी वर्ष होते, काँग्रेसच्या अध्यक्ष विजयलक्ष्मी सक्सेना होत्या, आणि मुख्य विषयातच महिला सक्षमीकरण होते. याहून चांगला योग पंचांगात मिळणार नाही. देशभरातल्या संशोधक स्त्रिया गावात आलेल्या, वार्ताहर दारात, मंडप घातलेला. पण निमित्तानिमित्ताने हळदीकुंकू झाले, रांगोळ्या झाल्या, त्यावर टीका झाली, टीकेला उत्तरे झाली. हळदीकुंकवाला माझा विरोध नाही. दुःख एवढेच की ज्ञानकोशाच्या हिशेबाने पाहिले तर रांगोळीला भरपूर संदर्भ मिळाले. कोणत्या बाईने कोणत्या सत्रात काय सांगितले, हे शोधायला बसा आणि मग रांगोळीच्या बातम्या शोधा. दुसरे काम चहा थंड होण्याआधी आटोपते.

उलट, कागद झाला की काय होते तेही पाहण्यासारखे आहे. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर होऊन १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना नकार दिला. कमलाबाईंनी गांधींचा मार्ग धरला आणि सत्याग्रहच मांडला. रामननी अखेर घेतले, पण वर्षभर परिविक्षेवर, आणि त्यांच्यामुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होऊ नये या अटीवर. पुरुषांच्या चित्ताची जबाबदारी पुरुषांवर टाकावी असे नोबेल मिळालेल्या माणसालाही सुचले नाही. पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सी वरच्या, जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. घेऊन आल्या. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर आणि डाळींच्या पोषणमूल्यांवर काम केले, ग्राहक चळवळीत भेसळ पकडायला शिकवले, मराठीत ‘आहारगाथा’ लिहिली. दुर्गाबाई भागवतांची ही सख्खी बहीण. पण मराठी घरात दुर्गाबाईंचे नाव काढले तर लोक सावरून बसतात आणि कमलाबाईंचे काढले तर ‘कोण त्या?’ म्हणतात. नागपूरचा या कथेशी संबंध असा, की १९१० च्या सुमारास वित्त खात्यात असताना रामन काही काळ इथे बदलीवर होते, आणि १९९२ पासून शहरात त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आहे, जिथे दरवर्षी शाळांच्या सहली धडकतात. ते असावेच. कमलाबाईंनी मात्र म्हातारपणी आपली हकीकत स्वतः बोलून ठेवली, ती लोकांनी लिहून घेतली, २००८ साली ‘लीलावतीज डॉटर्स’ या पुस्तकात त्यांच्यावर लेख आला, आणि मग विकिपीडियाची पाने उभी राहिली. १८ जून २०२३ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले. क्रम लक्षात घ्या: आधी बोलणे, मग छापणे, मग पान, मग चित्र. उत्साही स्वयंसेवक नेमके तिसऱ्या पायरीवर उडी मारतात आणि पाय मोडून घेतात.

पान झाले म्हणजे काम झाले असेही नाही. बाईंवर लिहिताना मराठी लेखणीला एक सवय आहे: ‘संसार सांभाळून’. संसार सांभाळून त्यांनी अणुकेंद्राचा अभ्यास केला, संसार सांभाळून त्या संचालक झाल्या. होमी भाभांनी लग्न केले नव्हते, म्हणून त्यांच्या बाबतीत हा उल्लेख राहून गेला असे म्हणता येईल; पण विवाहित शास्त्रज्ञांचीही हीच गत आहे, एकाचाही संसार कोणी सांभाळून दाखवलेला नाही. हा रोग फक्त आपलाच आहे असे समजू नये. २०१३ साली न्यूयॉर्क टाइम्सने रॉकेटशास्त्रज्ञ इव्हॉन ब्रिल यांचा मृत्युलेख त्यांच्या हातच्या मांसाहारी रस्स्याच्या चवीने सुरू केला होता. बोंब झाली तेव्हा पहिले वाक्य बदलले. विदर्भात दुसरा प्रकार आहे: जोडनावाचा. राणी बंग नागपुरातून स्त्रीरोगतज्ज्ञ होऊन गडचिरोलीला गेल्या. दोन खेड्यांतल्या साडेसहाशे स्त्रियांच्या तपासणीचा निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण, ही जगभरची समजूत या निबंधाने हलवली. निबंधावर पहिले नाव राणी बंग यांचे आहे. आपण मात्र सवयीने ‘बंग दांपत्य’ म्हणून मोकळे होतो, आणि दांपत्याचा निबंध कोणी शोधत नाही.

आता आक्षेप. पहिला असा की ठरवून बायकांचीच पाने लिहिणे हा पक्षपात झाला. पण विकिपीडियावर ठरवल्याशिवाय काही लिहिले जातच नाही; कोणी ठरवून रेल्वे इंजिने लिहितो, कोणी फुलपाखरे. आगगाडीवाल्याला ‘तू विमानांवर अन्याय करतोस’ असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीत २०१५ साली ‘विमेन इन रेड’ नावाचा उपक्रम सुरू झाला, म्हणजे लाल दुव्यांतल्या, अजून पान नसलेल्या स्त्रियांचा. तेव्हा चरित्रलेखांत स्त्रियांचा वाटा साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास होता. दहा वर्षे हजारो लोकांनी खपून तो विसाच्या घरात गेला. हा पक्षपात असेल तर फार सबुरीचा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: कोश हे पंडितांचे काम, हौशी लोकांचे नव्हे. मान्य, पण पंडितांची वाट पाहणे हेही शास्त्र आहे. ज्ञानकोशकार केतकरांनी आपल्या छापील मराठी ज्ञानकोशाची कंपनी नागपुरात उभी केली तेव्हा शेअर खपवायला त्यांना दारोदार फिरावे लागले, आणि ‘एवढ्याशा भाषेला एवढा मोठा कोश कशाला’ ही शंका तेव्हाही ताजी होती. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला निदान शेअर विकावे लागत नाहीत. हौशी माणूस चुकतो. पण त्याची चूक ‘इतिहास’ या कळीखाली तारीखवार जपलेली असते, आणि ती सुधारायला पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही.

तिसरा आक्षेप खास इकडचा: ‘याच्यानं काय फरक पडून राहिला?’ फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. नील थॉम्पसन आणि डग्लस हॅन्ली या दोघांनी रसायनशास्त्रावरचे लेख लिहून घेतले, त्यातले निम्मे विकिपीडियावर टाकले, निम्मे स्वतःजवळ ठेवले, आणि नंतरच्या शोधनिबंधांची भाषा तपासली. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले की टाकलेल्या लेखांचे शब्द शास्त्रज्ञांच्या निबंधांत उतरले होते. शास्त्रज्ञ विकिपीडिया वाचतात. तळटीपेत कबूल करत नाहीत, एवढेच. आता तर प्रश्न विचारला की यंत्र उत्तर देते, आणि तेही विकिपीडियावर शिकलेले. आठवीतली मुलगी त्याला शास्त्रज्ञांची दहा नावे विचारणार आणि जी पाने असतील त्यातलीच नावे तिला मिळणार. राहता राहिला आक्षेप शिव्यांचा, कारण या कामात त्या मिळतात. एमिली टेंपल-वूड या अमेरिकन संपादिकेने त्यावर तोडगा काढला: त्रास देणाऱ्या प्रत्येक ईमेलमागे एका वैज्ञानिक स्त्रीचा लेख. हा हिशेब नागपुरात चालू केला तर मराठी विकिपीडिया वर्षभरात इंग्रजीच्या पुढे जाईल.

तर कागद कुठून आणायचा? पुष्कळांना ठाऊक नसते की संदर्भ इंटरनेटवर असायलाच हवा असा नियम नाही. छापील वर्तमानपत्र, तारीख आणि पान क्रमांक दिला की पुरते. ‘हितवाद’ १९११ पासून निघते आहे. जुने अंक कुठल्याशा ग्रंथालयाच्या कपाटात बांधून ठेवलेले असतात आणि कोणी चाळत नाही म्हणून अजून फाटलेले नाहीत. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासूनचा आहे. ‘नीरी’ ही पर्यावरण-संशोधन संस्था १९५८ पासून अहवाल काढते आहे. सर्वांत रसाळ सामग्री मात्र महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत आहे. ते स्वतंत्र संदर्भ नव्हेत, त्यांच्या जोरावर उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. पण साल, विषय, शिष्यवृत्ती, कोणाच्या हाताखाली काम केले, असे बारीकसारीक धागे तिथेच सापडतात. दर अंकात विज्ञान मंडळाचा फोटो असतो आणि खाली ओळ: ‘बसलेले, डावीकडून: प्रा. जोशी, प्राचार्य, प्रा. डॉ. चौधरी. उभ्या, डावीकडून: कु. देशपांडे, कु. खरे, कु. देशपांडे.’ दोन देशपांडे, दोघींना पहिले नाव नाही, आणि पुढे दोघींची लग्ने होऊन आडनावेही बदललेली. पुढच्या वर्षीच्या अंकात ‘सौ. पांडे, पूर्वाश्रमीच्या कु. देशपांडे, यांना पीएच.डी.’ अशी चौकट येते, तीत विषयाची जागा छापखान्याने खाल्लेली असते. यातली कोणती देशपांडे कोणती, हे शोधायला विद्यापीठाच्या दप्तरात जावे लागते, तिथला माणूस अर्ज मागतो, अर्जात प्रयोजन विचारतात, आणि ‘ज्ञानकोश’ असे लिहिले की तो चष्म्यावरून बघतो. एवढे करून पान झालेच, तर चर्चा पानावर पहिला प्रश्न येणार आहे: डावीकडून म्हणजे आपल्या डावीकडून की बाईंच्या?